खाली पडलेले जांभूळ : चित्रकलेचा तास आणि आरेची शाळा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा पाठ)



जैन परंपरेत लेश्यांची एक कथा आहे. सहा भुकेले वाटसरू रानातून जात असतात. वाटेत त्यांना फळांनी लगडलेले जांभळाचे झाड दिसते. पहिला म्हणतो, हे झाड मुळापासूनच उपटू. दुसऱ्याला बुंधा तोडला तरी पुरेसे वाटते. तिसरा मोठ्या फांदीवर समाधान मानतो, चौथा डहाळीवर. पाचवा म्हणतो, फक्त पिकलेली फळे तोडू. सहावा मात्र खाली वाकतो, जमिनीवर आपोआप गळून पडलेली जांभळे उचलतो आणि म्हणतो, भूक भागवायला एवढी पुष्कळ आहेत. कथेचे तपशील परंपरेप्रमाणे थोडेफार बदलतात, पण मर्म एकच राहते. भूक सहाही जणांची सारखीच आहे. घेण्याची रीत वेगळी आहे, आणि त्या रीतीवरून मनाचा रंग ठरतो. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल असे ते सहा रंग. पाठशाळेच्या तक्त्यावर किंवा मंदिराच्या भिंतीवर हे चित्र अनेकांनी बालपणी पाहिलेले असते.

धर्मशिक्षक या कथेतून भावशुद्धी शिकवतात. कलाशिक्षकाने तिच्याकडे आपल्या तासाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला तिच्यात एक संपूर्ण अध्यापनपद्धती सापडेल. चित्र काढणे ही देखील एक भूक आहे. ती भागवण्यासाठी मूल जगाकडून काही तरी घेत असते : रंग, कागद, आकार, कल्पना. ते कोणाकडून घेतले, कसे घेतले आणि घेताना कोणाला दुखावले, हा प्रश्न चित्रकलेच्या तासाला सहसा विचारला जात नाही. तो विचारला तर तासाचे स्वरूप कसे पालटेल, याचा विचार आरे कॉलनीच्या संदर्भात येथे करावयाचा आहे.

आरेचा परिसर

गोरेगाव पूर्वेची आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली. शहरातील गोठे एका मोकळ्या जागी आणावेत आणि मुंबईकरांना स्वच्छ दूध मिळावे, हा तिचा हेतू होता. दारा खुरोडी यांचे नाव या कार्याशी कायमचे जोडलेले आहे. १९६३ साली त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १,३०० हेक्टरांच्या या विस्तारात तबेले आले, कुरणे आली, छोटा काश्मीर उद्यान आले, शेजारी चित्रनगरी उभी राहिली. ओशिवरा नदी येथेच उगम पावते आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान येथे येऊन मिळते.

वसाहत होण्याच्या आधीपासून येथे माणसे राहत होती. केलटीपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, प्रजापूरपाडा अशा सत्तावीस पाड्यांची गणना केली जाते. त्यांत वारली, मल्हार कोळी, कोकणा आदी समाजांची घरे आहेत. वाघोबाची ठाणी आहेत, कारण बिबट्या हा येथला जुना शेजारी आहे. सकाळी याच पाड्यांतील मूल शाळेत जाते, आणि त्याच वेळी गोरेगाव, मरोळ, पवई येथील इमारतींतील मूलही आपापल्या शाळेत जाते. दोन्ही मुलांना चित्रकलेच्या तासाला फळ्यावर एकच चित्र दिसते : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचे झाड, आणि आकाशात चार पक्षी.

या चित्रात वाईट काहीच नाही. उणीव इतकीच की ते कोणाचेच नाही. पाड्यावरच्या मुलाच्या घरामागे ताड आहे, पळस आहे, उंबर आहे. तो चित्रात येत नाही. इमारतीतल्या मुलाच्या खिडकीतून गुलमोहोर आणि क्रेन दिसते. तीही येत नाही. फळ्यावरचे पाहून वहीत उतरवताना मूल आपले डोळे बंद करून दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची सवय लावून घेते.

शिक्षकांची अडचणही समजून घेतली पाहिजे. तास पस्तीस मिनिटांचा, वर्गात पन्नास मुले आणि साहित्याचा तुटवडा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील अशा शाळेसाठीच अंशकालीन कला-निदेशकाची तरतूद आहे. लहान शाळेत चित्रकला वर्गशिक्षकाच्याच वाट्याला येते. वरच्या इयत्तांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षांची तयारी असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन या विषयांनी हाताला शिस्त लागते आणि ती शिस्त मोलाची आहे. परंतु परीक्षेला बसण्यापूर्वीची सात-आठ वर्षे मुलाच्या डोळ्यांची असतात. त्या वर्षांसाठीच पुढील उपक्रम आहेत.

तीन पूर्वसूरी

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३६ च्या डिसेंबरमध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींनी सजावटीचे काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपवले. खेड्यातले अधिवेशन खेड्याच्याच साहित्यातून उभे राहावे अशी अट होती. नंदलालबाबूंनी बांबू आणि गवतासारख्या साध्या वस्तूंतून ते नगर सजवले. परिसरात जे सहज मिळते तेच कलेचे साहित्य होऊ शकते, हे तेथे सर्वांनी पाहिले.

नंदलालबाबूंच्याच कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे आले आणि १९६२ पर्यंत नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक होते. मुलाच्या चित्राला मोठ्यांच्या चित्राची फूटपट्टी लावू नये, त्याच्या हातात नमुना देऊ नये, या आग्रहाने त्यांनी काम केले आणि पुढे त्यावर ग्रंथही लिहिला. चित्र, शेती, सूतकताई आणि भाषा हे त्या शाळेत एकाच दिवसाचे भाग होते.

तिसरे उदाहरण आरेच्या पाड्यांना नात्याने सर्वांत जवळचे आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागडी शैक्षणिक साधने परवडत नव्हती. तेव्हा बिया, शिंपले, पाने, खडे, माती यांचीच साधने झाली. अपरिग्रहाचे व्याख्यान न देता ते आचरणात कसे आणावे, याचा हा वस्तुपाठच होता.

पहिला उपक्रम : सहा रंग, एक जांभूळ

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा जांभळाखाली सडा पडलेला असतो. पहिल्याच आठवड्यात मुलांना लेश्यांची कथा सांगावी, आणि एकच नियम घालून द्यावा : वर्षभर चित्रकलेच्या तासासाठी जे काही आणायचे ते गळलेले, पडलेले किंवा टाकून दिलेले असावे. पान तोडायचे नाही, फूल खुडायचे नाही, फुलपाखरू पकडायचे नाही.

मग सहा लेश्यांचे सहा रंग मुलांनीच तयार करावेत. कृष्ण रंगासाठी कोळशाची पूड, नीलसाठी कपड्यांची नीळ, कबुतरी कापोतसाठी चाळलेली राख, पीतसाठी हळद, पद्म रंगासाठी पाण्यात पातळ केलेली गेरू, आणि शुक्लसाठी तांदळाचे पीठ. प्रत्येकात डिंकाचे थोडे पाणी घातले की रंग कागदाला धरतो. नीळ तोंडात जाऊ नये याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. पीठ आणि डिंकाचे पाणी त्या तासापुरतेच कालवावे. रात्रभर ठेवलेल्या ओल्या मिश्रणात सूक्ष्म जीव वाढतात, आणि उरलेले फेकावे लागते. त्यामुळे जेवढे लागेल तेवढेच करण्याची सवय मुलांना चित्राबरोबरच लागते.

याच तासात विज्ञानही येते. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की पिवळा रंग लाल होतो. खाली पडलेल्या जांभळाच्या रसात लिंबू पिळले तर तो लालसर होतो, आणि चुन्याची निवळी घातली तर निळसर-हिरवट छटा घेतो. वस्तू तीच, पण संगतीने रंग बदलतो, हे मूल डोळ्यांनी पाहते. फाल्गुनात पळसाची फुले गळतात, तेव्हा त्यांच्या केशरी रंगाची भर पडते. वर्षाअखेरीस वर्गात रंगांची एक पेटी तयार होते, आणि तिच्यातील प्रत्येक रंग कोठून आला हे प्रत्येक मुलाला सांगता येते.

चित्राचा विषय मात्र सोपा ठेवावा. झाड एकच, माणसे सहा. कोणता माणूस कोणत्या रंगात रंगवायचा हे मुलांनी ठरवावे. मग विचारावे, सहावा माणूस पांढरा का? पांढऱ्या कागदावर पांढरा माणूस कसा दाखवशील? हा प्रश्न सोडवताना मूल पार्श्वभूमीचा विचार करू लागते. रंगसंगतीचा पहिला धडा त्याला असा स्वतःहून मिळतो.

दुसरा उपक्रम : कुंचला

बाजारातील कुंचल्यांविषयी पालकांना फारशी माहिती नसते. 'उंटाच्या केसांचा' म्हणून विकला जाणारा ब्रश उंटाचा नसतो. त्यात बहुधा खारीचे केस असतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश दीर्घकाळ लोकप्रिय होते. त्यांसाठी मुंगसे मारली जात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये हा व्यापार बेकायदा आहे, तरी असे ब्रश चोरीछुपे विकले गेल्याची प्रकरणे वेळोवेळी उघडकीस आली आहेत. जेवणाच्या ताटात कंदमूळही न घेणाऱ्या घरातील मुलाच्या दप्तरात नकळत मुंगसाचे केस असावेत, ही विसंगती लक्षात आणून दिली पाहिजे. कृत्रिम तंतूंचे ब्रश आता सर्वत्र मिळतात. शाळेने तेच मागवावेत.

त्याहून सुंदर मार्ग वारली घरांतून मिळतो. वारली चित्रकार बांबूची बारीक काडी घेतो, तिचे टोक चावून मऊ करतो आणि तोच त्याचा कुंचला होतो. शाळेत चावण्याऐवजी टोक पाण्यात भिजवून दगडाने हलके ठेचावे. टाकून दिलेल्या टोपलीची काडी, झाडूची हीर, गळलेली पिसे, कापसाची वात, दोऱ्याचा गुंडा यांचे कुंचले मुलांनी करावेत, आणि प्रत्येक कुंचल्याची रेघ एका मोठ्या कागदावर उमटवून तिच्याखाली त्याचे नाव लिहावे. स्वतः केलेल्या कुंचल्याला मूल जपते. एकाच प्रकारच्या रेघेचा अट्टाहास आपोआप सुटतो.

तिसरा उपक्रम : एक म्हैस, चार बाजू

आरेत म्हशींना तोटा नाही. सकाळच्या वेळी, तबेल्याच्या मालकांची परवानगी घेऊन, वर्गाचे चार गट करावेत. एक गट म्हशीच्या समोर, एक मागे, दोन दोन्ही अंगांना, सुरक्षित अंतरावर. पंधरा मिनिटांत प्रत्येकाने जसे दिसते तसे काढावे. वर्गात परतल्यावर चारही गटांची चित्रे भिंतीवर लावावीत. समोरच्या गटाच्या चित्रात शिंगे आहेत, शेपूट नाही. मागच्या गटाच्या चित्रात शेपूट आहे, डोळे नाहीत. यांपैकी खोटे कोणते? कोणतेच नाही. पूर्ण कोणते? तेही कोणतेच नाही. अनेकान्त ही संज्ञा न उच्चारताही दहा वर्षांच्या मुलाला ती समजते, आणि पुढे पाठशाळेत आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट ऐकताना त्याला आपली म्हैस आठवते.

याच ठिकाणी जैन चित्रपरंपरेची ओळख करून द्यावी. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या प्रथम ताडपत्रावर आणि पुढे कागदावर लिहिल्या गेल्या. डॉ. मोतीचंद्र यांनी १९४९ साली या चित्रांवर प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही अभ्यासकांना आधारभूत वाटतो. या चित्रांतील चेहरा बाजूने दाखवलेला असतो, तरी पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर पुढे आलेला दिसतो. मुले हसतात आणि म्हणतात, असा डोळा कसा असेल? शिक्षकांनी उलट विचारावे : त्या चित्रकाराला माहीत होते की माणसाला दोन डोळे असतात. एका बाजूने दिसत नाही म्हणून दुसरा डोळा नाहीच, असे म्हणणे त्याला रुचले नसेल का? डोळ्याला दिसते ते आणि मनाला ठाऊक असते ते यांच्यातला हा ताण लहान मूल रोज अनुभवते. म्हणूनच ते घराच्या चित्रात भिंतीआडची माणसेही काढते. त्याला 'चुकले' म्हणण्यापूर्वी पोथीतला हा डोळा आठवावा.

चौथा उपक्रम : आजीची भिंत

वारली चित्रे आता सर्वत्र दिसतात. पडद्यांवर, कपांवर, शाळेच्या कुंपणावरही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, वर गोल डोके काढले की 'वारली' झाली, असा समज मुलांत रुजला आहे. पण डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात ही चित्रे मुळात लग्नविधीचा भाग होती. कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाला शेणमातीने लिंपून, गेरूने सारवून, तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नचौक काढत. चौकात पालघाट देवी असे, धवलेरी गाणी म्हणे. हा चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नसे. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी गंजाड परिसरात पोहोचले आणि त्यांनी भिंतीवरच्या या कलेला कागद दिला. तेथल्याच जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्यांचे निधन झाले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशन मिळाले, म्हणजे हे नाव कोणाचे आहे हे कायद्यानेही मान्य केले.

जैन आचारात न दिलेली वस्तू घेण्याला अदत्तादान म्हणतात. एखाद्या समाजाची चिन्हे त्या समाजाचे नावही न घेता सजावटीसाठी उचलणे यापासून फार दूर नाही. म्हणून वर्गात 'वारली काढा' असे सांगण्याऐवजी प्रत्येक मुलाला घरी पाठवावे : आपल्या घरी आजी, आई किंवा शेजारीण जमिनीवर, भिंतीवर, उंबऱ्यावर काय काढत असे? ते तिच्या तोंडून ऐकून या आणि तिला काढायला लावून पाहा.

आता वर्गात काय येते ते पाहावे. पाड्यावरचे मूल लग्नचौकाची आठवण घेऊन येते. मालवणी घरातले मूल तुळशीपुढची रांगोळी आणते, तमिळ घरातले कोलम. आणि जैन घरातले मूल देरासरात आजीने काढलेला अक्षतांचा स्वस्तिक आणते. चार गतींच्या चार भुजा, वर ज्ञान-दर्शन-चारित्र्याच्या तीन ढिगल्या, त्याहून वर अर्धचंद्राकृती सिद्धशिला. पाड्यावरच्या आजीच्या हातात तांदळाचे पीठ होते, देरासरातल्या आजीच्या हातात तांदळाचे दाणे. दोघींनी भूमीवर किंवा भिंतीवर एक चौकट आखली आणि तिच्यात आपल्या जगातले सर्वांत पवित्र ते ठेवले. दोन्ही मुलांनी आपापल्या आजीचे चित्र शेजारी शेजारी लावले, खाली आजीचे नाव लिहिले, तर एकमेकांविषयीचा आदर त्यांना कोणी वेगळा शिकवावा लागत नाही.

पाड्यावरच्या मुलाच्या बाबतीत या उपक्रमाला आणखी एक महत्त्व आहे. शाळेत आल्यावर अनेक मुलांना आपली बोली, आपले घर, आपले देव लपवावेसे वाटू लागतात. आजीच्या चित्राला शाळेच्या भिंतीवर सन्मानाची जागा मिळाली, तर मुलाला आपले घर लपवण्याचे कारण उरत नाही. शक्य असेल तेथे पाड्यावरील जाणत्या स्त्रीलाच वर्गात बोलवावे. तिला मानधन द्यावे आणि शिक्षिकेइतक्याच आदराने बसवावे. अशा दिवशी वर्गशिक्षकाने विद्यार्थी होऊन मागच्या बाकावर बसावे.

पाचवा उपक्रम : एक झाड, बारा महिने

प्रत्येक मुलाने शाळेच्या किंवा घराच्या वाटेवरील एक झाड निवडावे आणि महिन्यातून एकदा, एकाच जागी उभे राहून, त्याचे चित्र काढावे. वर्षअखेर चित्रांची एक पुस्तिका होते. पावसाळ्यात हिरवळ तुडवली जाऊ नये म्हणून खिडकीतून किंवा डांबरी वाटेवरून काढावे. चातुर्मासात साधू-साध्वी विहार का थांबवतात याचे उत्तरही मुलाला तेथेच मिळते. शिशिरात सावरीची पाने झडतात, तेव्हा फांद्यांचा सांगाडा दिसतो. पांगारा पाने झडल्यावर फुलतो, हे पुस्तकात वाचण्यापूर्वी वहीत उतरते. आरेत फिरताना मुलांनी एकटे जाऊ नये. सकाळी, उजेडात, मोठ्यांच्या सोबतीने जावे; बिबट्याच्या घराजवळ राहण्याचा हा शिष्टाचार पाड्यांतील मुले पाहुण्यांना उत्तम शिकवतात.

या उपक्रमात एक दुःखही येऊ शकते. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यानंतर मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रात्रीतून झाडे तोडण्यास सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने आणखी झाडे तोडू नयेत असा आदेश दिला, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. २०२० साली आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून ही मेट्रो धावू लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत पोहोचली. लाखो प्रवाशांचे कष्ट तिने कमी केले, हेही तितकेच खरे आहे.

शिक्षकाने मुलाला यातील एक बाजू पढवू नये. म्हशीच्या तासाला मुले जे शिकली तेच येथे लागू करावे. रोज दोन तास लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या आईच्या जागी उभे राहून एक चित्र काढावे, पाड्यावरच्या आजोबांच्या जागेवरून दुसरे, पक्ष्याच्या घरट्यातून तिसरे, आणि झाडाच्या जागेवरून चौथे. वनस्पतीतही जीव आहे, तो एकेंद्रिय आहे, त्याला केवळ स्पर्शाचे ज्ञान आहे, असे जैन तत्त्वज्ञान सांगते. मग डोळे नसलेल्या झाडाच्या जागेवरून चित्र कसे काढावे? हा प्रश्न वर्गावर सोडून द्यावा. एखादे मूल कागद हाताने चुरगाळून आणेल, एखादे त्यावर पाऊस पडू देईल. त्या उत्तरांना गुण देता येणार नाहीत. पण निर्णय घेणाऱ्या कोणत्याही टेबलाशी उद्या हे मूल बसेल, तेव्हा त्याला चौथी बाजू आठवेल.

आणि एखाद्याचे झाड वर्षाच्या मध्येच गेले, तर पुस्तिकेची उरलेली पाने फाडू नयेत. त्या जागी आता जे आहे ते त्याने काढावे. रिकामी जागा पाहता येणे हेही पाहणेच आहे.

मूल्यमापन आणि प्रदर्शन

या उपक्रमांना क्रमांक देऊ नयेत. वर्षाखेरीस प्रत्येक मुलाने आपली तीन चित्रे निवडावीत आणि प्रत्येकाखाली दोन वाक्ये लिहावीत : हे कोठून घेतले आणि काढताना काय नवीन दिसले. शिक्षकाने चित्रावर लाल रेघ मारू नये, मुलाचा हात धरून रेघ सरळ करू नये. मुलाची रेघ न विचारता स्वतःच्या हाती घेणे हेही एक प्रकारचे अदत्तादानच होय. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलेला दहावीपर्यंत सर्व मुलांच्या शिक्षणाचा भाग मानले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इतर विषयांशी कलेची सांगड घालण्यास सांगितले. कागदावर मार्ग मोकळा आहे. चालायचे मात्र वर्गात आहे.

शिक्षणाला मदत करू इच्छिणाऱ्या धार्मिक संस्थांना येथे पुष्कळ वाव आहे. वह्या आणि गणवेश यांचे वाटप होतच असते. त्यासोबत पाड्यावरील कलावंत स्त्रीचे मानधन, कृत्रिम तंतूंचे कुंचले आणि प्रदर्शनासाठी एक भिंत द्यावी. ज्ञानपंचमीला जैन समाज पोथ्या मांडून ज्ञानाचे पूजन करतो. त्या दिवशी ग्रंथांच्या शेजारी मुलांच्या झाडांच्या पुस्तिका ठेवल्या, तर ज्ञानाची एक नवी पोथी त्या रांगेत येईल. पाड्यावरची आणि इमारतीतली मुले आपापल्या आज्यांना घेऊन ते पाहायला येतील, आणि तांदळाच्या दोन रेघा काढणाऱ्या दोन वृद्धा कदाचित प्रथमच एकमेकींशेजारी बसतील.

पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर कोणतीही संस्था मागे वळून पाहते, तेव्हा तिने काय उभारले याचा हिशेब मांडला जातो. लेश्यांची कथा दुसरा हिशेब मांडायला सांगते : उभारताना काय तोडावे लागले नाही. त्या कथेतील सहाव्या वाटसरूने काही निर्माण केले नाही. तो फक्त वाकला आणि त्याने पायाशी असलेले पाहिले. चित्रकलेच्या तासाने मुलाला एवढे वाकणे आणि एवढे पाहणे शिकवले, तर पन्नास वर्षांनी शतकमहोत्सवाला जमणाऱ्या पिढीला आरेत जांभळाचे झाड उभे दिसेल, आणि त्याखाली सडाही.

जय जिनेंद्र.